फळ्यावर लिहिलं होतं

नातीच्या शाळेचे निरोप सुनेच्या मोबाइलवर येतात. उद्या पिवळे कपडे. परवा डब्यात एक फळ. शुक्रवारी पालक सभा, दोघांपैकी एकाने तरी यावेच. दिवसातून दहा वेळा तो फोन टुणटुणतो आणि सून कपाळाला हात लावते. म्हणते, बाबा, जीव खाल्ला हो या लोकांनी. मी पेपरामागून मान हलवतो. तिला काय सांगू, एकेकाळी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या अख्ख्या मोहल्ल्याचा जीव मी एकटा खात होतो, आणि तोही चार बोटांच्या खडूवर.

गेल्या महिन्यात तिथे जाणं झालं. जुन्या सहकाऱ्याच्या नातवाचं लग्न होतं. मुहूर्त टळून गेलेला, वऱ्हाड अजून लोधीखेड्यातच अडकलेलं, आणि मांडवात बसून ओळखीच्या म्हाताऱ्यांचे गुडघे ऐकण्याचा कंटाळा आला होता. म्हणून उठलो. पाय आपोआप शाळेकडे वळले, असं लिहायची पद्धत आहे. माझे वळले नाहीत. मी दोनदा रस्ता चुकलो आणि शेवटी एका पोराला विचारून शाळेत पोचलो, जिथे मी नऊ वर्षं नोकरी केली.

फाटकाजवळची भिंत तीच. तिच्यावर आता फुलपाखरं काढली आहेत, हिंदीत सुविचार लिहिले आहेत. पण फुलपाखराच्या पंखाखाली लोखंडाचे दोन आकडे अजून भिंतीत रुतलेले दिसले. गंजून लाल झालेले. त्या आकड्यांना माझा फळा टांगलेला असायचा.

तीन हात लांब, दोन हात उंच. दर पोळ्याच्या आधी त्याला काळं करायचं. फुटक्या सेलमधला कोळसा कुटायचा, कसल्याशा पाल्याचा रस घालायचा, आणि चिंधीने फासायचं. दोन दिवस हाताला तो हिरवट कडू वास यायचा, भाकरीलाही लागायचा. आणि तिसऱ्या दिवशी त्या कोऱ्या काळ्यावर पहिला खडू टेकवला, की अंगावर काटा. ऐंशीच्या दशकातली पहिली काही वर्षं. मी बावीस-तेवीसचा, गाव पांढुर्णा, नोकरी सौंसरला. शनिवारची शाळा सुटली की मोटार पकडून घरी, सोमवारी पहाटे आईच्या हातचा डबा घेऊन परत. शिकवण्यात माझा उजेड बेताचाच. भागाकार शिकवताना बाकी माझीच उरायची. पण अक्षर मोत्यासारखं, हे मी म्हणत नाही, बडे गुरुजी म्हणायचे. हेडमास्तरांना आमच्याकडे सगळे बडे गुरुजीच म्हणत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, घरच्या लोकांसाठी ज्या सूचना असतील त्या तू लिहायच्या. फळ्याच्या डाव्या बाजूला 'बातमी', उजव्या बाजूला 'आठवण'. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, छिंदवाड्याहून, आदेश हिंदीत येत. मी ते मराठीत उतरवायचे आणि साडेदहाच्या आत फळा टांगायचा.

तोंडी निरोप बंद होते. त्यालाही कारण मीच. नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी वर्गात सांगितलं होतं, उद्या डॉक्टर येणार, वजन-उंची मोजणार, आंघोळ करून या. वजन-उंचीसाठी कुणी डॉक्टर कशाला येईल, असं घरोघरच्या आयांना वाटलं, आणि संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात पक्कं झालं की उद्या पोरांना मोठी सुई टोचणार. दुसऱ्या दिवशी शाळेत सात मुलं आणि एक डॉक्टर. बाकीची सगळी आयांनी कपाशीच्या शेतात नेऊन बसवली होती. बडे गुरुजींनी त्या दिवशी नियम केला. घरचा निरोप पोरांच्या तोंडी द्यायचा नाही. फळ्यावर लिहायचा. ज्याला वाचता येईल तो वाचेल, ज्याला येत नाही त्याला समोरचा वाचून सांगेल. फळ्यावर आहे म्हणजे सांगितलं, फळ्यावर नाही म्हणजे नाही.

समोरचा म्हणजे गुणवंता पानठेलेवाला. काताने लाल झालेला पंचा, एक पाय स्टुलावर, आणि आवाज असा की छोट्या लाइनची गाडी शिट्टी देत गेली तरी याचं वाचन थांबायचं नाही. संध्याकाळी शेतातून, बागांतून माणसं परतायची, फाटकाशी थबकायची, आणि गुणवंता फळा वाचून दाखवायचा. सुरुवातीला नुसता वाचायचा. मग एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला दोन बाजूंनी दगडफेक चालते त्या जत्रेच्या वेळी, मी गंमत म्हणून लिहिलं: पांढुर्ण्याची गोटमार पाहायला गेलेल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी शाळेत यावे. येताना डोके सोबत आणावे.

त्या संध्याकाळी ठेल्यावर जे हसणं उसळलं, ते मला खोलीवर ऐकू आलं. आणि मी बिघडलो.

नंतर मी घरच्यांसाठी लिहीतच नव्हतो. मी ठेल्यासाठी लिहीत होतो. शनिवारी जामसांवलीला जाणाऱ्या मुलांनी सोमवारी मारुतीरायाची चिठ्ठी आणावी. नखे कापून यावे, शाळेत नांगर पुरेसे आहेत. शाळेला कुणी रागावलं नाही, उलट लोक दुपारीच विचारायला लागले, आज काय लिहिलं जी? मी शाळा सुटली की ठेल्यावर जाऊन उभा राहायचो, पान लावून घ्यायचो, आणि नाकासमोर पाहात, जसं काही आपला संबंधच नाही, असा ऐकायचो. स्वतःची ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची ती चटक. सुपारीसारखीच असते, दात जातात तेव्हा कळतं.

एकदा लिहिलं होतं: गणेशची आई शाळेत येईल अशी वाट पाहून पाहून गणेश चौथीत गेला. ती बाई दुसऱ्या दिवशी आली. वेचणीचं फडकं कमरेला तसंच, त्यात थोडा कापूस. दारात उभी राहून म्हणाली, आली जी मी. मी तिला काय विचारलं, आता काही केल्या आठवत नाही. बोंडांनी चिरलेली तिची बोटं आठवतात. तिने ती पदरात लपवली होती, मी तिची नखं पाहीन म्हणून.

याच माणसांत दौलत होता. दौलतभाऊ म्हणायला हवं, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा. पण तेव्हा मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला गुरुजी म्हणायचा. गावाबाहेरच्या एका मोठ्या संत्राबागेत तो कामाला होता. तोडणीच्या दिवसांत पेट्या ठोकायचा. संध्याकाळी यायचा तेव्हा केसांत तणसाच्या काड्या, हाताला संत्र्याच्या सालीचा तेलकट वास, आणि तोंडात राहून गेलेला एखादा खिळा. त्याची मुलगी सुजाता माझ्या वर्गात, पाचवीत. भागाकारात माझी बाकी उरायची तेव्हा ती मुकाट्याने हात वर करून बरोबर उत्तर सांगायची आणि मला खाली पाहायला लावल्याचं तिलाच वाईट वाटायचं.

दौलतला वाचता येत नव्हतं. सुजाताने पेटीच्या फळ्यांवर कोळशाने अक्षरं काढून त्याला शिकवायला सुरुवात केली, आणि त्याची खरी शाळा झाली ती माझा फळा. रोज परतताना तो फाटकाशी उभा राहायचा. गुणवंता वाचायला लागला की हात वर करून म्हणायचा, थांब ना भाऊ, मले वाचू दे. आणि मग बोट हवेत धरून, एकेका अक्षरावर टेकवत, जशी एखादी पेटी ठोकत जावी तसा तो ओळ ठोकत जायचा. सुजाता बाजूला त्याचा डबा धरून उभी. तिने ओठ हलवले तरी तो म्हणायचा, तू चूप राय. महिनाभरात त्याला 'बातमी' वाचता यायला लागली. दिवाळीपर्यंत 'आठवण'. पौष लागला तेव्हा तो आपली सही करू शकत होता. ती शिकायला त्याने तीन आठवडे घेतले आणि बागेतली एक पेटी अशी राहिली नाही जिच्या बुडाशी 'दौलत' लिहिलेलं नव्हतं. नागपूरच्या बाजारात संत्री घेणाऱ्यांनी ते नाव वाचून काय समजूत करून घेतली असेल, देव जाणे.

सही त्याला हवी होती एका कागदासाठी. छिंदवाड्याच्या सरकारी निवासी शाळेची परीक्षा होती. पाचवीतल्या मुलांसाठी, आयुष्यात एकदाच. लागली तर राहणं, जेवण, पुस्तकं, दहावीपर्यंत सगळं तिथेच. आमच्या शाळेतून तिघांचे अर्ज जायचे होते, आणि त्या तिघांत लागणार कोण हे शाळेतल्या मांजरालाही माहीत होतं. दौलतने अर्ज भरून, दाखले जोडून, सही करून ट्रंकेत ठेवला होता. सोमवारी त्याला बागेतून सुट्टी असायची. शेवटची तारीख सोमवारच होती. मी म्हटलं, पोरीजवळ दे ना पाठवून. तो म्हणाला, "नाही जी. माह्या हातानं देतो. सही माही हाय."

त्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी छिंदवाड्याहून नवा आदेश आला. अर्ज आता सोमवारी नाही, गुरुवारी संध्याकाळच्या आत पाठवायचे. बडे गुरुजींनी कागद माझ्याकडे सरकवला. मी फळ्याच्या उजव्या बाजूला, 'आठवण' खाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं: निवासी शाळेचे अर्ज उद्या गुरुवारीच द्यावेत. दोन अर्ज दुपारपर्यंत आले. त्या मुलांचे वडील एक आमचेच शिक्षक, एक तहसिलीतले बाबू, त्यांचा येण्याजाण्याचा रस्ता शाळेवरूनच. सुजाता दिवसभर वर्गात होती. फळा फाटकाबाहेर, तोंड रस्त्याकडे. शाळा सुटल्याशिवाय मुलांना तो दिसायचा नाही. आणि मी तिला वर्गात सांगितलं नाही, कारण नियम होता. आणि नियम नसता तरी मी सांगितलं असतं का, ठाऊक नाही, कारण माझ्या डोक्यात त्या दिवशी दुसरंच शिजत होतं.

आदल्या दिवशी ठेल्यावर कुणीतरी म्हणालं होतं, दौलत आता काहीबी वाचते. गुणवंता म्हणाला, सोपं असते म्हणून वाचते. गुरुजींनी मनावर घेतलं तं त्याची बोबडी वळन. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी सुपारी चघळली.

मग बुधवारी दुपारी चार वाजता, पोरांना पाढे लिहायला लावून, मी ओला बोळा घेऊन फाटकाशी गेलो. थंडीचे दिवस, उन्हाला धार नव्हती, रस्त्यावरून संत्र्यांच्या पेट्यांची बैलगाडी चालली होती आणि तिच्यामागे तो आंबटगोड वास धुळीसारखा लोंबत होता. मला लांबलचक लिहायचं होतं. जागा पुरेना. मी डावी बाजू पुसली, मग उजवी पुसली. पुसताना वाचलं नाही. स्वतःचंच अक्षर कोण वाचतो? आणि अख्खा फळाभर लिहिलं:

सर्व सुज्ञ पालकवर्गास विनम्र विज्ञप्ती. विद्यार्थ्यांच्या शिरःप्रदेशी यूकावृद्धी दृष्टोत्पत्तीस आल्याने प्रत्येक कुटुंबप्रमुखाने स्वापत्यांच्या केशसंभाराचे सूक्ष्म निरीक्षण करून यूकानिर्मूलनाचे कार्य त्वरित सिद्धीस न्यावे.

म्हणजे, पोरांच्या डोक्यात उवा झाल्यात, बघा.

पाच-साडेपाचला दौलत आला. ठेल्यावर नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती; गुणवंताने निरोप फिरवला होता. पैज लागली होती एकेका पानाची. दौलतने बोट हवेत धरलं. 'सर्व' झालं. 'सुज्ञ'पाशी अडलं. त्याने मागे न पाहता विचारलं, हा कोणता अक्षर व्हय जी? कुणी सांगेना. सुजाताचा ओठ हलला, तो म्हणाला चूप राय. मग तो पुन्हा सुरुवातीपासून. एकेका शब्दाला तो बाजूने पाहायचा, खाली वाकून पाहायचा, जणू त्याच्या बुडाशी कुठे खिळा वर आलाय का. कुणी मागून खोकायचं, कुणी म्हणायचं, आता उद्या सकाळपर्यंत. 'दृष्टोत्पत्तीस'ला तर ठेल्यावरचा एकजण हसता हसता खाली बसला. दौलतही हसला. मान वळवून, घाम पुसत, सगळ्यांच्या हसण्यात आपलं थोडं मिसळून तो परत फळ्याकडे वळला. पाऊण तास गेला. ऊन उतरलं, गाडी शिट्टी देऊन रामाकोन्याकडे निघून गेली. आणि त्याने शेवटचं 'न्यावे' ठोकून बसवलं आणि माझ्याकडे वळला.

"उवा व्हय का जी, गुरुजी?"

मग जे हसले सगळे! मीही. गुणवंताने पैजेचं पान त्यालाच दिलं. तो ते पान हातात धरून म्हणाला, "पण पुरं वाचलं ना जी? एक अक्षर नाही सोडलं." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. खरंच सोडलं नव्हतं. तो सुजाताचा हात धरून निघाला, आणि जाताना ती पोरगी मात्र दोनदा मागे वळून पाहात होती. फळ्याकडे नाही. आम्हा सगळ्यांकडे.

गुरुवारी संध्याकाळी पाकीट मीच बांधलं. अर्ज दोनच होते. खळ लावताना माझ्या लक्षात आलं, तिसरा नाही. मी मनाशी म्हटलं, बदलला असेल दौलतने विचार. पोरीला इतक्या लांब कोण पाठवतं. एवढं म्हणून मी पाकीट चिकटवलं. मला फळा आठवलाच नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पुष्कळ वर्षांनी कधीतरी असंही वाटायला लागलं की आठवला होता.

सोमवारी दौलत आला. धुतलेला सदरा, केसांना तेल, तणसाची एक काडी नाही. दोन्ही हातांत तो अर्ज, घामाने डाग पडू नये म्हणून जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात घातलेला. बडे गुरुजींनी चष्मा वर केला आणि सांगितलं की अर्ज गुरुवारीच गेले. तारीख बदलली होती. पाकीट छिंदवाड्याला पोचलंसुद्धा.

दौलतला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "फळ्यावर तं नव्हतं जी."

बडे गुरुजी माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, लिहिलं होतं ना? मी म्हणालो, हो, फळ्यावर लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, हीच त्यातली गंमत. बुधवारी सकाळी साडेदहा ते दुपारी चार, फळ्यावर लिहिलेलं होतं. इतकंच बोलून मी थांबलो असतो तरी चाललं असतं. मला कुणी पुढे काही विचारलं नव्हतं. पण दौलत माझ्याकडे पाहात होता, रागाने नाही, नुसता, जसा फळ्याकडे पाहायचा तसा. आणि मी म्हणालो, "तुला वाचायला जमलं नसेल."

खोलीत बाकीचे दोन मास्तर होते. एकाला बुधवारचा तमाशा माहीत होता, तो खिडकीबाहेर पाहायला लागला. बडे गुरुजींनी हळहळून सांगितलं, अरे, समोरच्याकडून वाचून तरी घ्यायचं. दौलतचं बोट नकळत वर आलं. हवेत थांबलं. तो काहीतरी आठवून पाहात असावा, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग ते बोट खाली आलं. तो म्हणाला, एवढं मोठं वाचलं अन् तारीखच सुटली. आणि मग माझीच माफी मागितल्यासारखं म्हणाला, "माहीच चूक झाली जी, गुरुजी. अडाण्याचं वाचणं ते."

मी त्याला धीर दिला. हो, मी. म्हटलं, पोरगी हुशार आहे, इथेही शिकेल.

पाकीट गेलं तरी माणूस जाऊ शकत होता. सकाळची मोटार होती, छिंदवाड्याचे साहेब काही वाघ नव्हते. एक अर्ज राहून गेला, चूक माझी, असं सांगायला अर्धा दिवस लागला असता. नोकरी गेली नसती. ओरडा बसला असता आणि फळा माझ्याकडून काढून घेतला असता. मी ते दोन्ही तोलून पाहिलं. फळा जड निघाला.

दुसऱ्या दिवसापासून दौलत फाटकाशी थांबेना. बागेतून यायचा, मान खाली घालून पलीकडच्या कडेने निघून जायचा. गुणवंता हाक मारायचा, ये ना भाऊ, आज सोपं हाय. तो हात हलवायचा. ठेल्याला चार दिवस चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली. मी लिहीत राहिलो. त्या वर्षी संत्र्याचा मृग बहार दांडगा होता. बाजारात जागोजाग पेट्या रचलेल्या, सगळ्या गावाला त्या सालींचा वास, आणि कुठल्याही पेटीच्या बुडाशी आता नाव दिसायचं नाही. मी एक-दोनदा वाकून पाहिलं होतं.

एप्रिलमध्ये निकाल लागला. पाचवीची बोर्डाची परीक्षा. सुजाता पहिली आली, केंद्रात. 'बातमी' खाली मी तिचं नाव रंगीत खडूने लिहिलं, भोवती वेल काढली. दुपारी प्रगतिपत्रकं द्यायची होती, घरच्या माणसाची सही घेऊन. दौलत रांगेत उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा मी पेन पुढे केला आणि रजिस्टरात बोट ठेवून म्हणालो, इथे. त्याने पेन घेतला नाही.

"अंगठाच घ्या जी," तो म्हणाला.

मी म्हटलं, तुला येते ना सही. तो तसाच अंगठा पुढे धरून उभा राहिला. हातोडीने चेचलेलं नख, खाली रुंद चपटं बोट. शाईची गादी शोधायला मला कपाट उघडावं लागलं. कोरडी पडली होती, तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. मी त्याचा अंगठा धरला, गादीवर दाबला, मग रजिस्टरात दाबला. पौषात झालेल्या सहामाहीच्या रकान्यात, त्याच ओळीवर, 'दौलत' लिहिलेलं होतं. 'त' थोडा पडलेला. तो निळा ठसा बरोबर त्याच्या शेजारी आला. अंगठा पुसायला त्याने माझ्याकडून खडूचा बोळा मागून घेतला.

सुजाता पुढच्या शाळेत गेली, सातवीपर्यंत दिसायची. मग दिसेना. माझी बदली पांढुर्ण्याला झाली, लग्न झालं, मुलं झाली, मी हेडमास्तर झालो, लोक मलाही बडे गुरुजी म्हणायला लागले. माझ्या हाताखाली मी कुणालाही फळ्यावर विनोद करू दिला नाही. शिस्तीचा माणूस म्हणून माझं नाव होतं.

हे सगळं त्या गंजक्या आकड्यांपुढे उभा राहून मी आठवत होतो असं लिहिलं तर शोभेल. खरं म्हणजे मला लघवीला जायचं होतं, म्हणून मी फाटकातून आत गेलो. आवारात मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती, मध्यान्ह भोजनाची. मोठ्या गंजात, पातेल्यात म्हणा, खिचडी शिजत होती, हिंगाचा आणि ओल्या लाकडाचा वास. एक पन्नाशीची बाई पळी घेऊन उभी होती. केस पांढरे, हात मजबूत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पळी न थांबवता म्हणाली, "फळा पाहून राहिले होते का, गुरुजी?"

मी ओळखलं नाही. ती म्हणाली, सुजाता. दौलतची.

ती बोरगावला दिली होती. नवरा गेल्यावर परत आली. बाबाही जाऊन अकरा वर्षं झाली. इथे खिचडी करते, पोरांना वाढते, आणि मास्तरीणबाई रजेवर असल्या तर पहिलीच्या पोरांना अक्षरंही गिरवून देते, असं तिने सांगितलं, खिचडी ढवळत. माझ्या तब्येतीची चौकशी केली. मला वाटलं, बोलावं. चाळीस वर्षं वाट पाहून माणसाला असं अवेळी शहाणपण सुचतं.

"सुजाता," मी म्हणालो, "तेव्हा फळ्यावर नव्हतं. मी पुसलं होतं."

"माहीत हाय ना जी," ती म्हणाली. "मी तिथंच होती. डबा धरून. सारा फळा मी बाबाच्या आधी वाचला होता, दोनदा."

तिने लाकूड मागे ओढलं, जाळ कमी केला.

"घरी बाबाले सांगितलं मी. म्हटलं, बाबा, नव्हतं लिहिलं, मी पायलं. तं बाबानं मारलं मले. कधी हात नव्हता लावला जी त्या माणसानं. त्या दिवशी पेटीची फळीच घेतली. मारत जाये अन् विचारे, गुरुजी खोटं बोलते का? बोल, गुरुजी खोटं बोलते का?"

मी विचारलं, मग?

"मंग काय. मी म्हटलं, होतं लिहिलं, बाबा. मीच नाही पायलं. तवा थांबले."

घंटा झाली. व्हरांड्यातून ताटल्यांचा खणखणाट सुरू झाला. तिने पळी झटकली आणि म्हणाली, सरका जरा, गुरुजी, पोट्टे येऊन राहिले.

मी सरकलो. लग्नघरी पोचलो तेव्हा वऱ्हाड आलं होतं, पंगत बसली होती. मी पोटभर जेवलो. मठ्ठा दोनदा घेतला. हेही लिहून ठेवतो.